पेटी एकाकडे, वही दुसऱ्याकडे

३८६ रियाल आणि ४५० बैसा. हा आकडा माझ्या डोक्यातून कधी जाणार नाही. २०२० च्या जुलैमध्ये आमच्या मंडळाचे एवढे पैसे मस्कतमधल्या एका बँकेत पडून होते. फोनवर शिल्लक दिसत होती, पण त्यातला एक बैसासुद्धा काढता येत नव्हता. चोरी कुणी केली नव्हती, आणि ज्याच्या नावावर ते खातं होतं तो आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस होता. तरीही पुढची दोन वर्षं त्याला मान खाली घालून काढावी लागली. मी पेशानं हिशेबनीस. मस्कतच्याच वादी कबीर भागात बांधकामाच्या सामानाची एक पेढी आहे, तिथं अठरा वर्षं वह्या लिहितोय. माझ्या डोळ्यांसमोर हे झालं, म्हणून हा लेख.

आधी मंडळाबद्दल सांगतो. आम्ही बावीस जण. बहुतेक मुलं रत्नागिरी-रायगडची, दोन कोल्हापूरकडची, एक मिरजेचा. बहुतेकांचं वय एकोणीसपासून पस्तीसपर्यंत. कुणी प्लंबर, कुणी एसी मेकॅनिक, दोघं रुवीच्या दुकानांत सेल्समन, एक नर्स, एक ड्राफ्ट्समन. दर शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो. वर्षातून एकदा बौशरच्या रक्तपेढीत जाऊन सगळे रक्तदान करतो, शिवजयंतीला एकत्र जेवतो. मैदान म्हणजे अमरातकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी खडी बाजूला सारून केलेली सपाट जागा. त्याच अमरातमध्ये ओमान क्रिकेटचं हिरवंगार मैदान आहे, २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकातला पहिला सामना तिथंच झाला. आमची मुलं त्या मैदानावरून जाताना गाडीचा वेग कमी करतात. मी खेळत नाही, स्कोअर लिहितो. मुलं मला काका म्हणतात.

वर्गणी महिन्याला दोन रियाल. वाचणाऱ्याला वाटेल, दोन रियाल ते काय! एका रियालला दोनशेच्या वर रुपये मिळतात, म्हणजे चारशेच्या वर रुपये झाले. ज्या मुलाचा पगार शंभर रियाल आहे आणि त्यातले ऐंशी तो घरी धाडतो, त्याच्या हातात महिन्याच्या जेवणाखाणाला वीस उरतात. त्या विसातले दोन तो आपल्याला देतो. चेंडू, स्टंप, जर्सी, स्पर्धेची प्रवेश फी, सकाळचं पाणी, कुणाला लागलं तर टॅक्सीचं भाडं, सगळं यातूनच भागवायचं.

आमचा तेव्हाचा खजिनदार गुहागरकडचा. सगळे त्याला दादा म्हणत. एका ठेकेदार कंपनीत सुपरवायझर होता, गाडी बाळगून होता, कुणाचं सामान विमानतळावर पोचवायचं तर रात्री दोनला उठून जायचा. वर्गणी त्याच्या खात्यात जमा होई. मंडळाच्या नावाचं खातं नव्हतं आणि असूही शकत नव्हतं, त्याचं कारण पुढे येईल. तो हिशेब एका शाळकरी वहीत लिहायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, महिन्याला एकदा सगळ्यांसमोर वाचत जा." तर दोघं-तिघं माझ्यावरच उखडले. "काका, हिशेब कसला मागता? आपलीच माणसं ना!" मी गप्प बसलो. हिशेब वाचायला सांगणं हे माझं रोजचं काम, आणि तिथंच मी गप्प बसलो, याची खंत मला आजही आहे.

२०२० च्या मार्चमध्ये खेळ बंद झाला. एप्रिलमध्ये मस्कतला टाळेबंदी लागली. आम्ही रमजाननंतरच्या स्पर्धेसाठी आणि नव्या किटसाठी पैसे साठवत आलो होतो, ते तसेच राहिले. मे महिन्यात दादाच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो गेला. त्याच्यावर बँकेचं वैयक्तिक कर्ज होतं. घर बांधायला काढलेलं, आखातात अनेकांच्या डोक्यावर असतं तसंच. पगार बंद झाला की बँक कर्जदाराच्या खात्यावर हात ठेवते, नोकरीअखेरची रक्कमही तिथंच वळती होते. हे करारातच लिहिलेलं असतं. खात्यात असलेल्या रकमेत दादाच्या घामाचं किती आणि बावीस मुलांच्या वर्गणीचं किती, हे बँकेला कसं कळणार? खात्यावर नाव एकच होतं. मंडळाचे ३८६ रियाल ४५० बैसा आधी अडकले आणि मग त्याच्या कर्जाच्या हप्त्यांत गेले. जुलैमध्ये 'वंदे भारत'च्या विमानानं तो घरी परतला. निघताना त्याचा मला फोन आला. बोलता येत नव्हतं त्याला. तो एवढंच म्हणाला, "काका, पोरांना तुम्ही सांगा."

पोरांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. त्या रात्री ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते मी इथं लिहिणार नाही. बिननोकरीची, खोल्यांत कोंडलेली, घाबरलेली मुलं होती. पण ज्या माणसानं रात्री-अपरात्री त्यांना विमानतळावरून आणलं, त्याच्याबद्दल एक शब्द पुनःपुन्हा आला: खाल्ले.

दादानं ते पैसे फेडले. गावी गाडी चालवून, दर दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे. तिथंही एक प्रश्न उभा राहिला, जो भारतातल्या मंडळांना कधी पडत नाही. पैसे अडकले तेव्हा एका रियालला साधारण १९५ रुपये पडत, म्हणजे देणं सुमारे ७५ हजार. फेड संपत आली तेव्हा, २०२२ च्या अखेरीला, रियाल २१३ च्या आसपास गेलेला. त्या वेळच्या दरानं मागायचे तर ८२ हजारांवर जात होते. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, १९८६ पासून तो हललेला नाही. रुपया घसरतो. घसरणीचा भार कुणी सोसायचा? मी मुलांना म्हटलं, आपण त्याच्या खात्यात पैसे ठेवले, आपण विचारलं नाही, तर घसरण आपल्या वाट्याची. अडकल्या दिवसाचा दर धरायचा. सगळ्यांनी हात वर केले. ज्या पोरानं ग्रुपवर सगळ्यात कडू लिहिलं होतं, त्यानं पहिला.

आता खात्याचं. महाराष्ट्रात चार मुलं एकत्र आली, वर्गणीचं पुस्तक छापलं, झालं मंडळ. खरं तर तिथंही कायदा आहेच. सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. किती मंडळं घेतात, ते आपण जाणतो. ओमानमध्ये गोष्ट जास्त कडक आहे. इथं संस्था-संघटनांचा कायदा २००० सालच्या शाही फर्मानानं, १४/२००० नं, आलेला आहे आणि सगळं समाजविकास मंत्रालयाच्या नजरेखाली चालतं. भारतीयांसाठी मस्कतचा इंडियन सोशल क्लब ही मान्यता असलेली संस्था आहे, तिच्या छत्राखाली निरनिराळ्या भाषांचे विभाग काम करतात. अशा संस्थेला स्वतःच्या नावाचं खातं असतं, कार्यकारिणी असते, हिशेब तपासले जातात. आम्हा बावीस जणांना यातलं काही नाही. आम्ही कायद्याच्या नजरेत खर्च वाटून घेणारे मित्र आहोत, त्याहून जास्त काही नाही.

आणि मित्रांच्या बाहेर हात पसरायचा नाही, ही इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०१८ ची दंडसंहिता, शाही फर्मान ७/२०१८, परवानगीशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं गुन्हा ठरवते. कारण कितीही चांगलं असो. आमच्याकडे हा प्रसंग येऊन गेला. दापोली तालुक्यातला एक माणूस, आमच्या मंडळातला नव्हे, पण ओळखीचा, कामगार कॅम्पमध्ये झोपेतच गेला. रात्री अकराला दोन मुलांनी फोटो आणि फोन नंबर टाकून मदतीचं आवाहन लिहिलं, तीन ग्रुपांवर पाठवलंही. मी त्यांना फोन केला आणि आधी ते काढून टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भारतीय दूतावासात गेलो. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेलफेअर फंड आहे, निराधार माणसाचं शव घरी पोचवण्याचा खर्चही त्यातून होतो. या माणसाच्या बाबतीत तिथवर जावंच लागलं नाही, कंपनीनं खर्च उचलला. पण त्या मुलांना रात्री अकराला हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपण पैसे जमवले नाहीत तर माणूस शीतगृहातच राहील. म्हणून मी दर वर्षी नव्या मुलांना ही माहिती आधी देतो आणि वर्गणीचं मग बोलतो. मदत करायचीच असेल तर ती आपल्या खिशातून, ओळखीच्या माणसाला, हातात. नाहीतर परवाना असलेल्या संस्थेमार्फत.

खातं नाही, परवाना नाही, तरी खेळायचं तर आहे. मग पैसा ठेवायचा कसा? दादा गेल्यावर आम्ही सहा महिने यावर बोललो. माझ्या मनाशी जे पक्कं झालं ते असं: आमच्यासारख्या मंडळानं पैसा साठवायचाच नाही. दीडशे रियालच्या वर शिल्लक जाऊ लागली की वर्गणी थांबवायची. दोन महिने कुणी काही देऊ नये. भारतातल्या मित्रांना हे उलटं वाटतं, त्यांना राखीव निधी हवा असतो, इमारत निधी हवा असतो. पण ज्या गावात माणसाचा व्हिसा संपला की महिन्याभरात त्याचं घर, गाडी, खातं सगळं आवरतं, तिथं साठलेला पैसा म्हणजे एका मित्राच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं. ओझं लहान ठेवलं की बुडालं तरी मित्र बुडत नाही.

दुसरं ठरलं ते पेटी आणि वही वेगळी करण्याचं. पैसे ज्याच्याकडे त्यानं लिहायचं नाही, लिहील त्यानं पैशाला हात लावायचा नाही. आमच्या पेढीत हे शंभर वर्षं मुरलेल्या रिवाजासारखं चालतं. रोकड एकाच्या टेबलावर, कीर्द दुसऱ्याच्या. मंडळात मात्र आपण सगळं एका भल्या माणसाच्या गळ्यात घालतो आणि त्याला खजिनदार म्हणून मोठेपणा देतो. आता पेटी एका प्लंबरकडे आहे, मंडणगडचा, लिहिण्यावाचण्याचा कंटाळा असलेला, पण पैसा मोजण्यात चोख. वही दुसऱ्याकडे. पेटीत रोख तीस रियालपर्यंत, उरलेले पेटीवाल्याच्या खात्यात, आणि हे खातं कर्ज नसलेल्या माणसाचंच हवं. हा शेवटचा नियम लिहिताना मुलांना संकोच वाटला. कुणाला कर्ज आहे का, असं कसं विचारायचं? मी म्हटलं, खेळायला उतरण्याआधी गुडघा दुखतोय का, हे विचारतोच की आपण.

पेढीत माझा एक ओमानी सहकारी शेजारच्या टेबलावर बसतो. इथं प्रत्येक गावात फुटबॉलचे संघ असतात, नोंदणीकृत क्लबांशी जोडलेले, आणि क्लबांवर देखरेख संस्कृती, क्रीडा आणि युवक मंत्रालयाची. तो त्याच्या गावच्या संघात आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी वही उघडून बसलो होतो, त्यानं काय आहे म्हणून विचारलं. मी रकान्यांची नावं वाचून दाखवली: तारीख, जमा, खर्च, बाकी. तो हसायला लागला. "हे तर अरबी आहे!" तारीख, हिसाब, रक्कम, वसूल, सगळे शब्द त्याच्या ओळखीचे निघाले. मग त्यानं विचारलं, तुमचा अमीन-सुंदूक कोण? खजिनदाराला ते अमीन-सुंदूक म्हणतात, म्हणजे पेटीचा विश्वासू. अमीनही आपला आणि संदूकही आपली. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे दोघं आहेत, एक पेटीचा, एक वहीचा. तो क्षणभर विचार करून म्हणाला, त्यांच्या संघातही असंच व्हायला हवं, सगळा भार एका शिक्षकावर पडतो.

बैसा हा शब्दही आपलाच, पैसा. १९७० पर्यंत मस्कतमध्ये भारताचाच रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, त्यांना गल्फ रुपी म्हणत. बाकीच्या आखाती देशांनी १९६६ पर्यंत त्या सोडल्या, ओमान आणखी चार वर्षं थांबला. मग रियाल आला आणि एका रियालचे हजार बैसा झाले. हे हजार आमच्या हिशेबाला फार नडतात. आपल्या बोटांना दोन दशांश स्थळांची सवय. मुलगा चेंडू घेऊन येतो, दोन रियाल पन्नास बैसा झाले म्हणतो आणि वहीत लिहितो २.५०. रुपयांत ते बरोबर. इथं त्याचा अर्थ दोन रियाल पाचशे बैसा. लिहायला हवं २.०५०. एका शून्यात साडेचारशे बैसा इकडचे तिकडे होतात, आणि महिनाअखेरीस पेटी जुळत नाही, आणि दोन चांगली मुलं एकमेकांकडे संशयानं बघतात. आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ठिपक्यापुढे तीन आकडे, नाहीतर नोंद धरणार नाही.

मी संगमेश्वरचा. तिथल्या व्यापारी पैसा फंड संस्थेच्या शाळेत शिकलो. लहानपणी नावाचा अर्थ कधी मनात आला नाही. पुढे कळलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ माणशी एक पैसा मागत महाराष्ट्रभर हिंडले, टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. मला त्यात नेहमी एका गोष्टीचं नवल वाटतं. लाखाची देणगी एका पावतीत मावते. एक एक पैसा जमवायचा तर तो कुणाकडून आला, कुठं जमा झाला, तळेगावपर्यंत कसा पोचला, हे सगळं कुणीतरी कंदिलाखाली बसून लिहिलं असणार. छोट्या रकमेलाच हिशेब जास्त लागतो. आमच्या मुलांचे दोन रियाल त्याच जातीचे आहेत.

पैशांवरून भांडणं बहुधा मोठ्या रकमांवरून होत नाहीत. जर्सीचं घ्या. कर्णधारानं रुवीच्या शिंप्याकडून अठरा जर्सींचा भाव आणला, एकीला साडेतीन रियाल. ६३ रियाल मंजूर झाले. बिल आलं ६६.१५० चं. १६ एप्रिल २०२१ पासून इथं ५ टक्के व्हॅट लागतो, तो भावात धरलेलाच नव्हता. कर्णधारानं वरचे तीन रियाल दीडशे बैसा खिशातून भरले आणि कुणाला बोलला नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या कुठल्याशा गोष्टीवरून वाद झाला तेव्हा ते बाहेर पडलं: "मी खिशातून घालतो, तुम्हाला त्याची किंमत नाही." खरं तर कुणाला माहीतच नव्हतं. खिशातून घातलेला पैसा मला खाल्लेल्या पैशाइतकाच धोक्याचा वाटतो. तो वहीत येत नाही, मनात मात्र लिहिला जातो आणि मनातल्या वहीत व्याज लागतं. तेव्हापासून भाव आणायचा तो व्हॅटसकट, आणि वर गेलं तर आधी ग्रुपवर विचारायचं, मग द्यायचं.

तसलमात हा सरकारी कचेरीतला जुना शब्द मी मुलांना शिकवला. खर्चासाठी आगाऊ उचललेली रक्कम, जिचा हिशेब अजून यायचा आहे. कर्णधार चेंडूंसाठी वीस रियाल घेऊन गेला तर ते खर्च झालेत असं समजायचं नाही. ते त्याच्या नावे तसलमात. बिल आणि उरलेली चिल्लर आली की मिटली. पहिली मिटल्याशिवाय दुसरी नाही, आणि मुदत एक आठवडा, म्हणजे पुढचा शुक्रवार. मुलं आता एकमेकांना चिडवतात, "तुझी तसलमात लटकलीय रे!" शब्द आला की वागणूकही त्याच्या मागून येते, असा माझा अनुभव आहे.

प्रायोजक मिळाला तर आणखी सांभाळायचं. एका उपाहारगृहाच्या मालकांनी आमच्या जर्सीवर नाव घालायला शंभर रियाल देऊ केले. मुलं खूष. मी विचारलं, देणार कुणाच्या नावे? एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात कंपनीकडून शंभर रियाल आले तर तो उद्या काय सांगणार? आम्ही मालकांना म्हटलं, पैसे आम्हाला देऊच नका. जर्सीचं बिल तुमच्या दुकानाच्या नावे करतो, शिंप्याला तुम्हीच परस्पर द्या. त्यांनाही ते बरं वाटलं, त्यांच्या जाहिरात खर्चात बिल बसलं. पैसा आमच्या हातांतून गेलाच नाही आणि जर्सी अंगावर आल्या.

सगळ्यात जड गेलं ते उसनं न देण्याचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाच्या आईचं ऑपरेशन होतं, मिरजेला. त्यानं मंडळाकडून साठ रियाल मागितले, तीन महिन्यांत परत करणार होता. मंडळाची शिल्लक ऐंशी होती. ज्या मुलासोबत तुम्ही दर शुक्रवारी खेळता त्याला नाही कसं म्हणायचं? आम्ही मंडळ म्हणून नाही म्हटलं. त्या रात्री त्याच्या खोलीवर सात जण गेलो आणि ज्याला जे जमलं ते त्याच्या हातात दिलं. वहीत त्यातला एक बैसा नाही. त्यानं नंतर कुणाचे दिले, कुणाचे राहिले असतील, ते त्या-त्या दोघांमधलं. पेटीतून साठ गेले असते तर तो बावीस जणांचा देणेकरी झाला असता आणि चेंडू घ्यायची वेळ आली की सगळ्यांना त्याची आठवण झाली असती. भिशीही आम्ही म्हणूनच मंडळात येऊ दिली नाही. ज्याला लावायची त्यानं बाहेर, आपल्या जबाबदारीवर.

वर्गणीची सूटही जाहीर करत नाही. उन्हाळ्यात दोन महिने गावी गेलेल्याला वर्गणी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. नोकरी गेलेल्याला नाही, हे फक्त पेटीवाल्याला आणि वहीवाल्याला. वहीत त्याच्या नावापुढे 'सूट' एवढंच लिहितात, कारण नाही. तो मुलगा नेहमीसारखा खेळायला येतो. बाकीच्यांनी कधी विचारलेलं नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मोजणी होते. उन्हाळ्यात आम्ही सव्वापाचला मैदानावर असतो, कारण नऊनंतर उभं राहवत नाही. सामना संपला की गाडीच्या मागच्या दाराच्या सावलीत सगळे बसतात, थर्मासमधला करक चहा फिरतो. पेटीवाला पेटी उघडून मोठ्यानं मोजतो. वहीवाला शिल्लक वाचतो. जुळलं की तिसरा कुणीही, ज्याचं नाव त्या दिवशी येईल तो, खाली सही करतो. मग त्या पानाचा फोटो ग्रुपवर. दहा मिनिटं लागतात. ज्या मुलांनी मला "आपलीच माणसं ना" म्हटलं होतं, त्यातला एक आता गावी आहे, पण पानाचा फोटो आला नाही तर तिथून विचारतो.

या वर्षी वही एका सतरा वर्षांच्या मुलाकडे दिली. आमच्या ड्राफ्ट्समनचा पुतण्या, वादी कबीरच्या इंडियन स्कूलमध्ये अकरावी कॉमर्सला. पुस्तकात जमा-नावे शिकलेला, पण वीस घामट माणसांसमोर शिल्लक वाचायची त्याची पहिलीच वेळ होती. आवाज बारीक झाला होता. मी मुद्दाम लांब, स्टंप पिशवीत भरत उभा राहिलो.

पेटीवाल्यानं मोजलं: सत्तावीस रियाल चारशे पन्नास बैसा. वहीत सत्तावीस रियाल पाचशे होते. पुन्हा मोजलं. नोटा सुट्या केल्या, पन्नास-पंचवीस बैसाची नाणी पायाजवळच्या चटईवर मांडली, पेटी उलटी करून आपटली. पन्नास बैसा कमी. पोराचे कान लाल झाले. त्यानं पाण्याच्या बाटल्यांचं बिल पुन्हा बघितलं, बेरीज पुन्हा केली, आणि मग हळूच हात खिशात घातला. एक नाणं टाकलं असतं तर सगळं जुळलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

मंडणगडचा प्लंबर त्याच्याकडे बघत होता. "नको," तो म्हणाला. "कमी आहे तर कमी लिही. ठिपक्यापुढे तीन आकडे."

पोरानं हात बाहेर काढला, गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहिलं: तूट ०.०५०, कारण सापडले नाही. त्याखाली पेटीवाल्यानं सही केली, मग त्यानं. तिसरी सही त्या दिवशी मिरजेच्या मुलाची होती. ऊन डोंगराच्या खाली उतरून गाडीच्या टपावर आलं होतं. आम्ही चटई झटकली, पुन्हा एकदा नाणं शोधलं, आणि निघालो.